डर्बीची परंपरा कुणाच्या मालकीची?

मे २०२५मध्ये केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात, चर्चिल डाउन्स या रेसकोर्सच्या चिखल झालेल्या धावपट्टीवर सॉव्हरन्टी नावाच्या घोड्यानं केंटकी डर्बी जिंकली. तीनच दिवसांत त्याचे ट्रेनर बिल मॉट यांनी कळवलं, की दोन आठवड्यांनी होणाऱ्या प्रीकनेस शर्यतीत हा घोडा उतरणार नाही. त्याला विश्रांती देऊन थेट जूनमधल्या बेलमाँटला न्यायचं ठरलं आहे. यावर अमेरिकेतल्या रेसशौकिनांमध्ये बरीच नाराजी उमटली. डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच घोड्यानं पाच आठवड्यांत जिंकल्या, तर त्याला ट्रिपल क्राउन मिळतो. आजवर फक्त तेरा घोड्यांना तो मिळाला आहे. डर्बीचा विजेता तंदुरुस्त असूनही दुसरी शर्यत सोडतो म्हणजे दीडशे वर्षांच्या परंपरेकडे पाठ फिरवतो, असा एकूण सूर होता. सॉव्हरन्टी जूनमध्ये बेलमाँटला उतरला आणि तीही शर्यत जिंकला.

ट्रेनरचा निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद रेसच्या जाणकारांनी घालावा. मला त्या आक्षेपातल्या ‘दीडशे वर्षांची परंपरा’ या शब्दांशी भांडायचं आहे. डर्बीबद्दल कुठलीही सुधारणा सुचवा, मग ती दोन शर्यतींमधल्या अंतराबद्दल असो, घोड्यांच्या संख्येबद्दल असो, औषधांबद्दल किंवा धावपट्टीबद्दल असो, समोरून हेच उत्तर येतं: असंच चालत आलंय. डर्बीचा इतिहास नीट वाचला तर असं काहीच चालत आलेलं नाही. ही शर्यत सतत बदलत आली, आणि बहुतेक वेळा गल्ल्याची गरज म्हणून बदलत आली. त्या बदलांत जे गमावलं गेलं, त्याला मात्र परंपरा म्हणून कुणी कवटाळलं नाही.

सुरुवात १८७५ची. मेरिवेदर लुईस क्लार्क हा लुईव्हिलचा एक खानदानी तरुण. अमेरिकेचा पश्चिम भाग पालथा घालणाऱ्या लुईस-क्लार्क मोहिमेतल्या विल्यम क्लार्कचा हा नातू. १८७२ साली तो युरोपात गेला, इंग्लंडमधली एप्समची डर्बी पाहिली, पॅरिसच्या रेसवाल्यांना भेटला, आणि असलं काहीतरी आपल्याकडे हवं म्हणून परतला. चर्चिल आडनावाच्या मामांची जमीन भाड्यानं घेतली, सभासद गोळा केले, रेसकोर्स उभा केला. म्हणजे केंटकीची डर्बी जन्मतःच एक नक्कल होती. एप्समची डर्बी १७८०ची. ती पहिल्यांदा जिंकणारा डायोमेड हा घोडा म्हातारपणी अमेरिकेत विकला गेला आणि तिथल्या रेसच्या घोड्यांच्या अनेक नामवंत घराण्यांचा मूळपुरुष ठरला. तेव्हा रक्तही उसनं आणि कल्पनाही उसनी. यात कमीपणा काही नाही, पण ‘आमच्या मातीतून उगवलेली’ वगैरे भाषा इथे शोभत नाही.

पहिली डर्बी १७ मे १८७५ला झाली. वार सोमवार होता. अंतर दीड मैल. पंधरा घोडे धावले आणि अरिस्टिडीझ जिंकला. गंमत म्हणजे त्याच्या मालकाचा भरवसा त्याच तबेल्यातल्या चेसपीक या दुसऱ्या घोड्यावर होता. अरिस्टिडीझनं पुढे पळून बाकीच्यांना दमवायचं आणि चेसपीकनं शेवटी येऊन बाजी मारायची, असा बेत होता. चेसपीक मागेच राहिला, आणि मालकानं धावपट्टीच्या कडेनं हात हलवून ‘जाऊ दे, तूच जा’ असा इशारा केला, असं सांगतात. घोड्यावर ऑलिव्हर लुईस हा कृष्णवर्णीय जॉकी होता. घोडा तयार करणारा ॲन्सेल विल्यमसन हा ट्रेनरही कृष्णवर्णीय. यादवी युद्धापूर्वी तो गुलाम होता. त्या दिवशी पंधरापैकी तेरा जॉकी काळे होते.

हा योगायोग नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीच्या काळात तबेल्याचं सगळं काम काळ्या माणसांच्या हाती होतं. घोड्याला खरारा करणं, त्याचे पाय चाचपून दुखणं ओळखणं, पहाटेच्या धावा घेणं, शर्यतीत स्वार होणं, ही सगळी विद्या त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साठत गेली होती. गुलामगिरी संपल्यावर हेच लोक अमेरिकेतले सर्वांत तरबेज घोडेवाले होते, आणि काही वर्षं त्यांना त्याचं मोलही मिळालं. पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा डर्बी कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या. १८७७च्या विजेत्याचा ट्रेनर एड ब्राउन जन्मानं गुलाम होता. १८९१ साली जिंकलेल्या किंगमनचा मालकच कृष्णवर्णीय होता, डडली ॲलन. १८९२मध्ये लॉनी क्लेटननं आझ्रावर बसून डर्बी जिंकली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता.

किंगमनवरचा जॉकी होता आयझॅक मर्फी. तीन डर्बी जिंकणारा पहिला जॉकी: १८८४, १८९० आणि १८९१. स्वतःच्या हिशेबाप्रमाणे त्यानं आपल्या चव्वेचाळीस टक्के शर्यती जिंकल्या. हिशेब थोडा इकडेतिकडे झाला असं धरलं, तरी आजचे नामवंत जॉकी त्या आकड्याच्या जवळपासही नसतात. घोड्याला न मारता, लगामावरच्या हलक्या हातानं त्याच्याकडून काम काढून घेणारा अशी त्याची ख्याती होती. १८९६ साली तो गेला, तेव्हा जेमतेम पस्तिशीत होता. त्याची कबर पुढे कुणाच्या लक्षातही राहिली नाही. ती शोधून काढावी लागली ती १९६०च्या दशकात. डर्बीच्या पहिल्या मोठ्या नायकाची ही कथा, आणि परंपरा जपणाऱ्यांना अर्धशतकाहून अधिक काळ त्याची कबरही जपता आली नव्हती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे घडलं त्याला बंदी म्हणता येणार नाही, कारण कागदावर कुठे काही लिहिलेलं नव्हतं. १८९६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाखाली वर्णभेदाला मान्यता दिली होती. दक्षिणेत एकेक दार बंद होत होतं. जॉकीच्या धंद्यात आता चांगला पैसा होता, आणि गोऱ्या जॉकींना तो वाटून घ्यायचा नव्हता. ते शर्यतीत काळ्या जॉकींना कोंडीत पकडत, कुंपणावर दाबत. घोडा जखमी होणार म्हटल्यावर मालकांनी काळ्या जॉकींना घोडे देणंच थांबवलं. कुणालाही उघड काही बोलावं लागलं नाही.

जिमी विंकफील्डनं १९०१ आणि १९०२ अशा लागोपाठ दोन डर्बी जिंकल्या. १९०३ला तो दुसरा आला. त्याच्यानंतर आजपर्यंत एकाही कृष्णवर्णीय अमेरिकन जॉकीनं डर्बी जिंकलेली नाही. विंकफील्ड १९०४मध्ये रशियाला गेला. झारच्या राजवटीत तिथला अव्वल जॉकी झाला. क्रांती झाली, यादवी पेटली, आणि १९१९ साली ओडेसातून घोड्यांचे मालक, ट्रेनर, मोतद्दार आणि दोनशेहून अधिक जातिवंत घोडे असा तांडा पोलंडच्या दिशेनं निघाला. त्यात विंकफील्ड होता. वाटेत घोडे मेले, भुकेपोटी काही खाल्लेही गेले, पण बरेचसे घोडे वॉर्साला पोहोचले. पुढे तो फ्रान्समध्ये स्थिरावला, तिथेही जिंकत राहिला, नंतर ट्रेनर झाला. १९६१ साली रेसविषयी लिहिणाऱ्या पत्रकारांनी लुईव्हिलमध्ये मेजवानी दिली आणि त्याला बोलावलं. म्हातारा विंकफील्ड आपल्या मुलीसोबत ब्राउन हॉटेलच्या दारात पोहोचला, तर समोरच्या दारानं आत जायला त्याला अडवण्यात आलं. दोन डर्बी जिंकलेला माणूस, शहर तेच, सोहळा त्याच शर्यतीचा.

१९२१नंतर डर्बीत एकही कृष्णवर्णीय अमेरिकन जॉकी उतरला नाही. पुढचा आला तो २०००मध्ये, मार्लन सेंट ज्युलियन. एकोणऐंशी वर्षं. परंपरा म्हणजे मूळचं जसं होतं तसं टिकवणं, असा अर्थ असेल तर डर्बीची सर्वांत जुनी परंपरा हीच होती: काळ्या माणसाचं घोड्याचं ज्ञान. ती मोडली तेव्हा कुणी हळहळलं नाही.

आता जी ‘परंपरा’ दूरचित्रवाणीवर दिसते ती कुठून आली ते पाहू. क्लार्कची शर्यत १८९०च्या दशकात डबघाईला आली होती. १८८६मध्ये बुकींवरून झालेल्या भांडणात एक बडा मालक आपला तबेला घेऊन निघून गेला आणि पूर्वेकडच्या श्रीमंत मालकांनी केंटकीकडे पाठ फिरवली. १८९२च्या डर्बीत फक्त तीन घोडे होते, त्यातले दोन एकाच मालकाचे. दीड मैल हे अंतर वसंत ऋतूत तीन वर्षांच्या घोड्याला फार होतं, अशी मालकांची कुरकुर होती. १८९६ला ते सव्वा मैल केलं. आज ‘डर्बीचं पवित्र अंतर’ म्हणतात ते हे. ते आलं मालकांना परत बोलावण्यासाठी आणि, हे मुद्दाम लक्षात ठेवावं, घोड्याला झेपावं म्हणून.

१९०२मध्ये चर्चिल डाउन्सचा कारभार मॅट विन या माणसाकडे आला. हा गृहस्थ शिंपीकामाच्या धंद्यातला, कपड्यांचं दुकान चालवणारा. तेरा वर्षांचा असताना वडिलांच्या गाडीवर उभं राहून त्यानं पहिली डर्बी पाहिली होती, आणि १९४९मध्ये मरेपर्यंत झालेल्या पंचाहत्तरच्या पंचाहत्तर डर्बी त्यानं पाहिल्या. आजची डर्बी क्लार्कची कमी आणि विनची जास्त आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. १९०८ला लुईव्हिलच्या नगरप्रशासनानं बुकींवर बंदी आणली तेव्हा त्यानं अडगळीत पडलेली टोटची यंत्रं धुंडाळून आणली. सगळ्यांचे पैसे एका कुंडात जमा, क्लबचं कमिशन वजा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटून, ही पद्धत. पुढे त्यानं दोन डॉलरचं तिकीट काढलं आणि सामान्य माणूस खिडकीपाशी आला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांतल्या वार्ताहरांना तो आपलंसं करत गेला. १९१३ला डोनरेल हा घोडा एक्क्याण्णवास एक या भावानं, म्हणजे डॉलरला एक्क्याण्णव डॉलर देऊन, जिंकला, दोन डॉलरवाल्यांनी ते देशभर सांगितलं. १९१५ला रिग्रेट ही घोडी जिंकली, डर्बी जिंकणारी पहिली घोडी, आणि ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी घराण्याची. बस, पूर्वेकडचे धनिक परतले.

मग रेडिओ, मग गुलाब, मग चित्रवाणी. विजेत्याच्या अंगावर टाकतात ती गुलाबांची झूल आजच्या रूपात १९३२पासूनची. पुदिना घातलेली व्हिस्की स्मरणचिन्हाच्या ग्लासात विकायची कल्पना त्याच दशकाच्या अखेरची. मे महिन्याचा पहिला शनिवार दुसऱ्या महायुद्धानंतर पक्का झाला. त्या दोन मनोऱ्यांचं चित्र चर्चिल डाउन्सच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. ते १८९५चे, जोसेफ बाल्डेझ या चोवीस वर्षांच्या आरेखकानं काढलेले. आता आजूबाजूला श्रीमंतांसाठी इतक्या माड्या चढल्या आहेत की मनोरे शोधावे लागतात. हे सगळं आकर्षक आहे, मला त्यात खोट काढायची नाही. विनसारखा चतुर प्रवर्तक विरळा. पण त्यानं जे उभं केलं ते खेळाचं विपणन होतं, आणि विपणनाला कुळाचाराचा मान देऊन पुढच्यांची वाट अडवणं बरोबर नाही.

गाण्याची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. शर्यतीच्या आधी दीड लाख लोक उभे राहून ‘माय ओल्ड केंटकी होम’ म्हणतात, डोळे पुसतात. स्टीफन फॉस्टरनं १८५३मध्ये प्रसिद्ध केलेलं हे गाणं मुळात घरापासून तोडून दूर दक्षिणेत विकल्या गेलेल्या गुलामाच्या तोंडचं आहे. १९२८मध्ये ते केंटकीचं राज्यगीत झालं. त्यातला काळ्या लोकांसाठीचा हिणकस शब्द राज्याच्या विधिमंडळानं बदलला तो १९८६ला. म्हणजे ज्या शर्यतीतून काळे जॉकी हद्दपार झाले, त्याच शर्यतीत गोरा जमाव गुलामाचं विरहगीत स्वतःच्या गावच्या आठवणींचं गाणं म्हणून गात राहिला. १९६७मध्ये लुईव्हिलमध्ये घरं विकताना आणि भाड्यानं देताना होणाऱ्या वर्णभेदाविरुद्ध आंदोलन पेटलं होतं. डर्बीच्या आठवड्यात काही तरुण धावत्या घोड्यांपुढे धावपट्टीवर उतरले. डर्बीनिमित्तची शहरातली मिरवणूक रद्द करावी लागली, आणि वर्ष संपायच्या आत घरांच्या बाबतीतला कायदा झाला. २०२०मध्ये ब्रिओना टेलर या तरुणीला लुईव्हिलच्याच पोलिसांनी तिच्या घरात गोळ्या घालून मारल्यानंतर शहर धुमसत होतं. करोनामुळे सप्टेंबरवर गेलेली ती डर्बी प्रेक्षकांविना झाली, आणि ते गाणं शब्दांशिवाय, नुसतं बिगुलावर वाजवलं. वाजवायचं मात्र थांबवलं नाही. माझ्या मते गाणं राहू द्यावं, पण ते कुणाचं आहे हे त्याच मैदानात, तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगावं.

आता पुन्हा घोड्याकडे. ट्रिपल क्राउनचं पाच आठवड्यांचं वेळापत्रक अनादी आहे असं सांगितलं जातं. तिन्ही शर्यतींमध्ये बेलमाँट सर्वांत जुनी, १८६७ची. प्रीकनेस १८७३ची. डर्बी धाकटी. बरीच वर्षं या तिघींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. १९१७ आणि १९२२ला तर डर्बी आणि प्रीकनेस एकाच दिवशी झाल्या! १९२०च्या दशकात प्रीकनेस अनेक वर्षं डर्बीच्या आधी होत असे. १९१९मध्ये सर बार्टन या घोड्यानं या दोन्ही जिंकल्या त्या चार दिवसांच्या अंतरानं. ट्रिपल क्राउन हे नाव वर्तमानपत्रांनी रूढ केलं ते १९३०च्या दशकात, आणि सर बार्टनला तो मान मागाहून मिळाला. आजचा दोन आठवडे आणि तीन आठवडे हा ठराव विसाव्या शतकातल्या सोयीचा आहे. २०२०मध्ये करोना आला तेव्हा तर क्रमच उलटला: बेलमाँट जूनमध्ये, डर्बी सप्टेंबरमध्ये, प्रीकनेस ऑक्टोबरमध्ये. आकाश कोसळलं नाही. बेलमाँटचं मैदान पाडून नवं बांधायला घेतलं म्हणून २०२४पासून ती शर्यत सॅराटोगा या दुसऱ्या रेसकोर्सवर गेली, आणि तिथल्या धावपट्टीला साजेसं म्हणून तिचं दीड मैलाचं अंतर सव्वा मैल झालं. बांधकामासाठी अंतर कमी करता येतं, पण घोड्याच्या विश्रांतीसाठी दोन आठवड्यांचे चार करायचे म्हटलं की परंपरा आठवते.

यावर जाणकारांचा एक खरा आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ट्रिपल क्राउनचं मोल त्याच्या अवघडपणात आहे, अंतर वाढवलं तर तो स्वस्त होईल, आणि १९७३ला तिन्ही शर्यती जिंकणाऱ्या सेक्रेटेरिएटशी आजच्या घोड्याची तुलनाच करता येणार नाही. सेक्रेटेरिएटची ती डर्बी खरोखर अद्भुत होती. सव्वा मैलाचा प्रत्येक पाव मैल त्यानं आधीच्यापेक्षा कमी वेळात पार केला, आणि एक मिनिट एकोणसाठ सेकंद व दोन पंचमांश हा त्याचा विक्रम पन्नास वर्षांनंतरही अबाधित आहे. पण तेव्हाचे घोडे वर्षाला कितीतरी जास्त शर्यती धावत. आजचा थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठीच्या जातीचा घोडा, लहान वयातला वेग आणि पैदाशीच्या बाजारातली किंमत यांसाठी घडवला जातो. त्याचा मालक त्याला वर्षातून पाच-सहा शर्यती धाववतो आणि चौथ्या वर्षी वळू म्हणून निवृत्त करतो. धंद्यानं घोडा बदलला आणि वेळापत्रक तेच ठेवलं. परिणामी मोजके घोडेच तिन्ही शर्यती धावतात. सॉव्हरन्टी पहिला नव्हे. २०२२ला ऐंशीस एक या भावानं डर्बी जिंकणारा रिच स्ट्राइकही प्रीकनेसला आला नव्हता. ज्या कसोटीला विजेतेच बसत नाहीत ती अवघड आहे असं म्हणण्यापेक्षा ओस पडली आहे असं म्हणावं.

आणि मुख्य प्रश्न मोलाचा नाही, पायांच्या हाडांचा आहे. २००८च्या डर्बीत एट बेल्स ही घोडी दुसरी आली. अंतिम रेषा ओलांडून वळणावर गेली आणि पुढचे दोन्ही पाय घोट्यात मोडून कोसळली. तिथेच तिला मारावं लागलं. त्या वर्षी जिंकलेल्या बिग ब्राउनला स्टेरॉइड दिलं जात असल्याचं त्याच्या ट्रेनरनं खुलेपणानं सांगितलं होतं, कारण तेव्हा ते कायद्यात बसत होतं. २०२१चा विजेता मदिना स्पिरिट बेटामेथासोन या औषधामुळे बाद ठरला. त्याच वर्षी डर्बीत शर्यतीच्या दिवशी रक्तस्रावरोधक लॅसिक्स द्यायला पहिल्यांदा मनाई झाली होती, हा उपरोध वेगळाच. डिसेंबरमध्ये तो घोडा कॅलिफोर्नियात सरावाच्या वेळी कोसळून मेला. २०२३च्या हंगामात चर्चिल डाउन्सवर काही आठवड्यांत बारा घोडे गेले, त्यातले दोन डर्बीच्याच दिवशी. चौकशीत धावपट्टीत दोष आढळला नाही, एकच एक कारणही सापडलं नाही. उरलेला हंगाम दुसऱ्या मैदानावर हलवावा लागला. त्या दिवशीची डर्बी मात्र ठरल्या वेळी झाली.

हे सगळं बंदच करा, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांची भूमिका मला समजते, पण मी तिथे जात नाही, कारण सुधारणेनं फरक पडतो याचा पुरावा समोर आहे. अमेरिकेत २००९पासून शर्यतीतल्या जीवघेण्या दुखापतींची नोंद ठेवली जाते. त्या वर्षी दर हजार धावांमागे दोन घोडे मरत होते. २०२०मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, कायदा केला, त्यातून देशभरासाठी एक प्राधिकरण आलं, २०२२पासून मैदानाच्या सुरक्षेचे आणि २०२३पासून औषधांचे एकसारखे नियम लागू झाले. त्या नियमांखालच्या मैदानांवर २०२४ला हाच आकडा एकाच्या खाली आला. जॉकीनं चाबूक किती वेळा मारायचा याला सहाची मर्यादा आली, आणि २०२५ची डर्बी जिंकणाऱ्या जॉकीवरही ती ओलांडल्याबद्दल कारवाई झाली. काही राज्यांनी आणि घोडेवाल्यांच्या संघटनांनी या कायद्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. त्यांचा विरोध केंद्राच्या अधिकाराला आहे हे मान्य, पण राज्याराज्यांच्या नियमांवर सोडलं होतं तेव्हाचा तो दोनचा आकडा त्यांच्याही समोर आहे.

कृत्रिम धावपट्टीचंही तेच. अमेरिकेच्या याच नोंदींत मातीच्या धावपट्टीपेक्षा कृत्रिम धावपट्टीवर मृत्यूचं प्रमाण सातत्यानं कमी दिसतं. केंटकीतल्याच कीनलंड या रेसकोर्सनं २००६मध्ये अशी धावपट्टी घातली आणि २०१४मध्ये उखडून पुन्हा माती टाकली, कारण डर्बीची तयारी करणाऱ्या मालकांना मातीच हवी होती. डर्बी मातीवर, म्हणून डर्बीआधीची शर्यत मातीवर, म्हणून सगळा मोसम मातीवर. एका शर्यतीचा हट्ट साऱ्या देशाच्या घोड्यांच्या पायांवर येतो, म्हणूनच डर्बीनं आधी बदलायला हवं.

चर्चिल डाउन्स चालवणारी कंपनी शेअर बाजारात आहे. तिची बरीच कमाई आता कॅसिनोंतून आणि जुन्या शर्यतींच्या निकालावर चालणाऱ्या जुगारयंत्रांतून येते. याच कंपनीनं शिकागोजवळचं आर्लिंग्टन पार्क हे देखणं रेसकोर्स २०२१मध्ये बंद केलं आणि जमीन फुटबॉल संघाला विकली. जवळपास शतकभराची शर्यतींची परंपरा तिथेही होती. डर्बीची बक्षीसरक्कम २०२४पासून पन्नास लाख डॉलर आहे, पहिल्या डर्बीत अरिस्टिडीझला दोन हजार आठशे पन्नास डॉलर मिळाले होते. पैसा नाही म्हणून बदल होत नाही, असं म्हणायला इथे जागा नाही.

तबेल्यांतली माणसं आज वेगळी आहेत. जॉकी बरेचसे पोर्तो रिको, व्हेनेझुएला, पनामाचे. खरारा करणारे, पहाटे चारला उठून घोडे फिरवणारे मोतद्दार ग्वाटेमाला-मेक्सिकोचे, कित्येक जण तात्पुरत्या व्हिसावर आलेले. घोड्याचा पाय गरम लागतोय हे सर्वांत आधी त्यांच्या हाताला कळतं. १८७५च्या ॲन्सेल विल्यमसनच्या हाताला कळायचं तसंच. दुखऱ्या घोड्याला धावपट्टीवर नेऊ नका असं म्हणण्याचा अधिकार आणि नोकरीचं संरक्षण या माणसांना मिळालं, तर पशुवैद्यांच्या तपासणीइतकाच त्याचा उपयोग होईल. अजून त्यावर फारसं कुणी बोलत नाही.

मग नेमकं काय करावं? डर्बी मेच्या पहिल्या शनिवारी राहू दे. प्रीकनेस चार आठवड्यांनी आणि बेलमाँट त्यानंतर चार आठवड्यांनी घ्या. तिन्ही शर्यती वेगवेगळ्या संस्थांच्या आहेत, त्यांचं एकमत होणं कठीण आहे, पण सुरुवात करण्याचं वजन फक्त डर्बीकडे आहे. आणि एक गोष्ट तर चर्चिल डाउन्सला कुणाला न विचारता करता येईल. डर्बीत वीस घोडे धावतात. प्रीकनेसमध्ये जास्तीत जास्त चौदा. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शर्यतींत तेवढेच. वीस घोड्यांना सुटायला एक गेट पुरत नसे म्हणून २०१९पर्यंत दोन गेटं शेजारी शेजारी उभी करत. त्या गर्दीत काय होतं ते २०१९ला दिसलं, जेव्हा पहिल्या आलेल्या मॅक्सिमम सिक्युरिटीला आडवं गेल्याबद्दल बाद केलं गेलं, तेही शेवटच्या वळणावर, शर्यत पांगायला पुरेसा वेळ मिळाल्यानंतर. पुढच्या वर्षी त्यांनी घोडे कमी केले नाहीत, वीस दारांचं नवं गेट बनवून घेतलं. १९७४च्या शंभराव्या डर्बीत तेवीस घोडे धावले होते. ती झुंबड पाहून पुढच्याच वर्षी वीसची मर्यादा घातली गेली होती. तेव्हा एका वर्षात तेवीसचे वीस झाले, आता वीसचे चौदा करायलाही एक वर्ष पुरेल.